आज मुलांची लवकर बडतर्फी आहे

न्यू जर्सीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी लेकीला मोजे, बूट, दोन स्वेटर आणि वर फुगीर जाकीट असं सगळं चढवून बसथांब्यावर नेलं. घोट्यापर्यंत बर्फ. पंधरा मिनिटं झाली तरी बस नाही, पोरं नाहीत, चिटपाखरू नाही. समोरचे आजोबा फावड्याने दारातला बर्फ उपसत होते. ते म्हणाले, "आज शाळा बंद आहे. फोन नाही आला?"

आला होता. पहाटे सव्वापाचला. अनोळखी नंबर दिसला म्हणून मी झोपेतच कापला आणि वर ब्लॉकही केला. विमा विकणाऱ्यांना करावं तसं मी अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टला ब्लॉक करून ठेवलं होतं.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. इकडे बहुतेक एका गावाच्या, कधी अनेक गावांच्या सरकारी शाळा मिळून एक डिस्ट्रिक्ट होतो. त्याचं बजेट वेगळं, निवडून आलेलं मंडळ वेगळं, आणि सगळ्यांवर एक सुपरिंटेंडेंट. पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले तरी न्यू जर्सी त्यात मावून थोडी जागा उरेल, आणि एवढ्याशा राज्यात सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. सरकारी शाळेत शिकायला फी नाही. पण आमच्या घरपट्टीचं बिल उघडलं की निम्म्याहून जास्त रक्कम शाळांच्या रकान्यात दिसते. त्यामुळे ज्यांच्या घरात शाळकरी पोर नाही तेही शाळेत काय चाललंय त्यावर डोळा ठेवून असतात. फावडेवाले आजोबा त्यातलेच.

आणि डिस्ट्रिक्ट सांगतो तरी किती! ईमेल, मेसेज, ॲपची टिणटिण, फोनवर सुपरिंटेंडेंटचा रेकॉर्ड केलेला आवाज. शाळा दीड तास उशिरा उघडणार. बस क्रमांक अमुक वीस मिनिटं मागे आहे. शुक्रवारी पायजमा डे. उद्या फोटो काढणार, केस विंचरून पाठवा. वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यात उवा आढळल्या, घरी तपासा. त्या पत्रात मुलाचं नाव कधीच नसतं. आमच्या शाळेत बाई सगळ्या वर्गासमोर "हिच्याजवळ बसू नका गं" म्हणायच्या, ते मला दर वेळी आठवतं. ज्या मुलीला म्हणायच्या तिचं नाव आजही मला पाठ आहे.

गेल्या वर्षी आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई ती, शाळेची बातमी तिला माझ्याआधी हवी. तिच्या फोनवर मी शाळेचं ॲप टाकलं, माझ्याच खात्यातून. भाषांच्या यादीत मराठी सापडल्यावर तर तिला कोण आनंद!

तिसऱ्याच दिवशी मला ऑफिसात फोन. आवाज कापत होता.

"अगं, पोरांनी केलंय काय? सगळ्यांना बडतर्फ केलंय!"

ॲप उघडलं. इंग्रजीत साधं "अर्ली डिसमिसल" होतं, म्हणजे शाळा साडेबाराला सुटणार. यंत्राने त्याचं मराठी केलं होतं: "बुधवारी सर्व विद्यार्थ्यांची लवकर बडतर्फी होईल. कृपया वेळेवर उचलण्याची व्यवस्था करा." निलंबन, खातेनिहाय चौकशी, बडतर्फी हे शब्द आईने आयुष्यभर परिपत्रकांत वाचलेले, तिला घाम फुटला तर नवल काय. त्यानंतर फील्ड ट्रिपची "शेत सहल" झाली, आणि सप्टेंबरातल्या पालकांच्या भेटीची "शाळेत परत रात्र". आई आता हे सगळं वहीत उतरवून ठेवते.

हसायचं ते हसून झालं, तरी यामागे एक मोठी गोष्ट आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना नुसतं इतरांसारख्याच वर्गात बसवलं म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. निकाल मुलांच्या शिक्षणाबद्दल होता, आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. घरच्यांनाही महत्त्वाच्या सूचना समजतील अशा भाषेत मिळाव्यात, ही अपेक्षा त्याच कायद्यातून आलेली. आमच्याकडे स्पॅनिश पत्रं माणूस लिहितो, वाचताना ते कळतं म्हणे. मराठी, तेलुगू, गुजराती यंत्राच्या हवाली. कायद्याचं काम झालं, आईचा रक्तदाब वाढला.

सगळेच मेसेज हसण्यासारखे नसतात. एकदा मीटिंगमध्ये असताना फोनच्या पडद्यावर अर्धीच ओळ दिसली: "आज आपल्या शाळेत लॉकडाउन". इथे शाळेत लॉकडाउन म्हणजे कोणी हत्यार घेऊन शिरलं तर दारं लावून लपणं. पुढचं वाचायला बोट वर सरकवायला हवं होतं आणि बोट सरकेना. सरकलं तेव्हा "ड्रिल" हा शब्द आला, म्हणजे नुसता सराव, आणि "सुरळीत पार पडली". न्यू जर्सीत दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची ड्रिल घ्यावीच लागते. सुरक्षेची झाली की घरी त्याच दिवशी कळवतात. संध्याकाळी लेकीला विचारलं तर म्हणाली, "दिवे बंद केले, आम्ही दप्तरांच्या कोपऱ्यात बसलो, कोणी बोलायचं नाही. मग टीचरने स्टिकर दिलं." स्टिकरवर डायनासोर होता. तो तिने फ्रीजवर चिकटवला, अजून आहे.

आई त्या रात्री नीट जेवली नाही. आमच्या वेळी शिपाईमामा सूचना वही घेऊन वर्गात यायचे, म्हणाली, वाचायची, सही करायची, पोरांना सांगायचं. उद्या पोलिओचा डोस, परवा झेंडावंदन. एवढंच असायचं.

आता तक्रार. एवढं सगळं कळवणाऱ्या डिस्ट्रिक्टने सगळ्यात मोठी बातमी कशी कळवली? शाळांच्या हद्दी बदलून आमच्या वसाहतीतली मुलं दुसऱ्या शाळेत टाकायचा प्रस्ताव होता. तो साप्ताहिक ईमेलच्या चौथ्या परिच्छेदात होता. वर पुस्तक प्रदर्शन, खाली हरवलेल्या डब्यांची यादी. मी तो ईमेल उघडला होता, डबा आमचा आहे का तेवढं पाहून बंदही केला होता. प्रस्ताव कळला तो मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तेही "शाळा बंद पडणार" अशा थाटात. शंभर निरोपांत एक खरी बातमी मिसळली की कळवल्याची नोंद राहते, पण कळत कोणालाच नाही. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पायजमा डे आणि हद्दबदल यांचा आवाज सारखाच ठेवायचा, ही मात्र सवय झालेली दिसते.

मग आम्ही मंडळाच्या सभेला गेलो, आईसुद्धा. या सभा कायद्याने खुल्या असतात, तारीख-वेळ आणि विषय आधी जाहीर करावे लागतात. न्यू जर्सीचा हा कायदा १९७५ चा. हायस्कूलच्या सभागृहात नऊ सदस्य ओळीने बसलेले. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, समोर घड्याळ, वेळ संपली की लाल दिवा. एक आजोबा दिवा लागल्यावरही बोलत राहिले, त्यांना कोणी थांबवलं नाही. माझ्या पोटात गोळा आला होता. मी दोनच वाक्यं बोलले: प्रस्तावासाठी वेगळं पत्र पाठवा, आणि विषयाच्या ओळीत "तुमच्या मुलाची शाळा बदलू शकते" असं लिहा. अध्यक्षबाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

"यांना पगार किती?" आईने कानात विचारलं.

"काहीच नाही. इथे मंडळाच्या सदस्यांना पगार नसतो."

"मग रात्री दहापर्यंत कशाला बसलेत?" आणि थोड्या वेळाने, "आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकच असतात. कायद्यातच आहे, २००९ च्या. पण सभेला यायचे चारजण, त्यातले दोन चहाला." मग ती गप्प झाली. मुख्याध्यापिका असताना तिने त्या सभेची सूचना फळ्यावर लिहायला लावली होती, मुलांनी घरी सांगावं म्हणून. मुलं कशाला सांगतात!

पुढच्या आठवड्यात वेगळं पत्र आलं, फक्त हद्दबदलाचं, नकाशासकट. आमच्या वसाहतीचं काय होणार ते अजून ठरायचं आहे. पत्राच्या मराठी अनुवादात "बाउंड्री" चा "चौकार" झाला होता.

आई जानेवारीत परत गेली. फोनवरून ॲप काढायचं आम्ही दोघीही विसरलो. गेल्या बर्फाला पहाटे सव्वापाचला माझा फोन वाजला. डिस्ट्रिक्टचा असेल म्हणून बघितलं तर आई. मिरजेत पावणेचार वाजले होते, ती चहा टाकत होती.

"उठू नको. आज पोरांना सुट्टी आहे. आणि ऐक, आमच्याकडे आलंय 'हिम दिवसाच्या शुभेच्छा', ते बरोबर आहे का?"