लेकरांना रानात नेताय? मग हाताला काम द्या

शाळेची शेतावरची सहल बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीची असते. लेकरं बांधावर रांगेनं उभी राहतात, शेतकरी किंवा कृषी सहायक अर्धा तास माहिती सांगतात, फोटो निघतो, डबे उघडतात. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तर बरीच लेकरं शेतकऱ्या-शेतमजुरांच्याच घरची. त्यांना तूर आणि कापूस ओळखायला शाळेची गरज नाही. घरच्या रानात त्यांना मिळत नाही ते वेगळंच आहे: हातातलं काम थांबवून मोजायची मुभा, 'असं का?' विचारायची मुभा, आणि चुकायची मुभा. शाळेनं ती द्यावी.

म्हणून काम निवडताना आम्ही दोनच गोष्टी बघायला सांगतो. लेकरांच्या हातून चुकलं तरी शेतकऱ्याचं पीक बुडता कामा नये, आणि केलेल्या कामाचा परिणाम पुढं डोळ्यांना दिसला पाहिजे, मोजता आला पाहिजे.

हे लावून बघितलं की पेरणीचा दिवस आपोआप बाद होतो. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन-तीन दिवस टिकतो, सगळं गाव तिफणीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या मागं धावत असतं. बी सोडायच्या चाड्यावर हात चुकला तर ती ओळ हंगामभर विरळ राहते. सोयाबीनची काढणीही नको. परतीच्या पावसाची धास्ती, धारदार विळे आणि शेजारी मळणी यंत्र सुरू, अशा ठिकाणी पाचवी-सहावीच्या पोरांचं काही काम नाही.

पेरणीच्या आधीचं एक काम मात्र शाळेतच होतं, आणि ते अगदी खरं काम आहे: घरच्या सोयाबीनची उगवण तपासणी. शाळा जूनच्या मध्याला उघडते, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत सोयाबीन पेरू नये असा सल्ला असतो, त्यामुळं हातात काही दिवस असतात. लेकरांनी घरून राखून ठेवलेलं बियाणं आणायचं. विकतच्या पिशवीतलं आणू नका. त्यावर बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंगावरून ते ओळखू येतं, आणि ते लेकरांच्या हाताला लागायला नको. गोणपाट धुऊन, ओलं करून पिळायचं. त्यावर दहा ओळींत दहा-दहा असे १०० दाणे दीड-दोन इंचांवर मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, हलकी गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं.

चूक हमखास दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे लेकरं टपोरे, चकचकीत दाणे वेचून मांडतात. मग ९० टक्के उगवण दिसते आणि रानात ६० टक्के निघते. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ काढून, डोळे मिटून मोजायला लावा. दुसरी चूक पाण्याची. गोणपाट ठिबकत राहिलं की दाणे कुजतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. सहाव्या-सातव्या दिवशी मोजायचं, पण मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलीच रोपं धरायची. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. ६५ उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६५, म्हणजे ३२ किलोच्या वर. त्रैराशिकाचा यापेक्षा चांगला तास नाही. हा आकडा लेकरू संध्याकाळी घरी सांगतं आणि त्यावर घरात खरोखर निर्णय होतो. आमच्या मते सगळ्या उपक्रमात हाच सर्वांत मोलाचा आहे.

रानातली पहिली फेरी ऑगस्टच्या मध्यावर, सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं असताना. सकाळी आठला पोहोचायचं, साडेदहापर्यंत निघायचं. चाळीस लेकरं असतील तर दहा-दहांच्या चार टोळ्या, प्रत्येक टोळीला एक मोठं माणूस. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर सहल पुढं ढकला. ओल्या काळ्या रानात चाळीस जोडी पाय फिरले की माती दाबली जाते आणि ती सुकल्यावर दगडासारखी होते. वाफसा आहे का, हे लेकरांनाच बघू द्या: मूठभर माती दाबून गोळा करायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा, चिकटून राहिला तर थांबा.

या फेरीतलं मुख्य काम मुळावरच्या गाठींचं. झाड उपटायचं नाही. उपटलं की बारीक मुळं आणि गाठी मातीतच राहतात, आणि 'गाठीच नाहीत' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. खुरप्यानं झाडाभोवती वीतभर घेर सोडून ढेकळासकट उचलायचं, बादलीत दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग पाण्यातच हलक्या हातानं माती सोडवायची. काळी माती घाई केलेली खपवून घेत नाही. टोळीला दोन झाडं पुरे, तीही बांधाकडच्या ओळीतली. गाठी मोजून झाल्या की नखानं फोडायच्या. आतून गुलाबी-लाल म्हणजे जिवाणू हवेतला नत्र धरताहेत. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचाच पदार्थ. पांढरी गाठ म्हणजे अजून काम सुरू नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे संपलं. पाणी साचलेल्या सखल भागातलं एक झाड आणि निचऱ्याच्या भागातलं एक, अशी जोडी घेतली तर फरक समोरच दिसतो. युरिया जास्त पडलेल्या रानातही गाठी कमी भरतात. शेतकऱ्याला कोणतं खत किती टाकलं ते विचारायला लावा, कारण त्या उत्तराशिवाय गाठींचा आकडा नुसताच आकडा राहतो.

खुरपणी शिकवायला मात्र ती रोज करणारी बाईच हवी. रानात कोणतं तण कसं ओळखायचं, कोणतं मुळासकट निघतं, कोणतं तुटून परत फुटतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तिला पाहुणी म्हणून बोलवा, बाई म्हणा, आणि दिवसाची मजुरी द्या. लव्हाळा खणताना खालच्या गाठींची माळ शोधायला सांगा. वरून तोडला तरी आठवड्यात परत का येतो, ते त्या माळेवरून कळतं. खुरपं घेऊन चालताना पातं खाली, आणि बसल्यावर दोघांत दोन हातांचं अंतर.

दुसरी फेरी हरभऱ्याची. पेरणीला महिना-सव्वा महिना झाला आणि फुलं अजून लागली नाहीत, तेव्हा शेंडे खुडायचे. बोटानं वरचा इंचभर शेंडा मोडायचा, बस. त्यानं बाजूच्या फांद्या फुटतात. तीन ओळी घ्या, मधली न खुडता सोडा, प्रत्येक ओळीत दहा झाडांना रंगीत लोकरीचा धागा बांधा आणि तीन आठवड्यांनी फांद्या मोजा. लेकरं उत्साहात तीन-चार इंच मोडतात, म्हणून आधी एका काडीवर खूण करून द्या. रान फारच कोरडं असेल तर नवी फूट येत नाही आणि फरक दिसत नाही. तसं झालं तर तसंच वहीत लिहायचं. हातानं आकडा सुधारायचा नाही.

हरभऱ्याच्या पानावर आंब (आंबट रस) असते, ती हाताला लागते. डोळे चोळू नका हे सुरुवातीलाच सांगा, आणि काम संपल्यावर हात धुवायला बांधावर पाणी ठेवा. खुडलेल्या शेंड्यांचा कांदा-शेंगदाण्याचा कूट घालून घोळाणा करता येतो, पण रानावर फवारणी झालेलीच नसेल तरच. त्याच रानात घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, हेक्टरी ५, म्हणजे एकराला दोन. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, कांद्याच्या किंवा तंबाखूच्या हातानं धरू नये, आणि कापसाच्या गुलाबी बोंडअळीची ल्युअर इथं चालत नाही. प्रत्येक किडीची वेगळी असते. वस्तीवर राहणारं एखादं लेकरू रोज सकाळी पतंग मोजून लिहील. सलग दोन-तीन रात्री सापळ्यात आठ-दहा पतंग आले की शेतकऱ्याला कळवायचं, आता अळी बघायची वेळ झाली.

हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या रानात जायला सगळेच तयार असतात, जा. फक्त कोवळी ज्वारी किंवा खोडव्याचे (कापणीनंतर बुडख्याला आलेले) फुटवे उपटून वासराला, शेळीला चारू देऊ नका. त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, आणि जनावराला किरळ लागून (विषबाधा होऊन) ते दगावू शकतं.

आता धोक्याचं. सर्वांत मोठा धोका विहिरीइतकाच शेततळ्याचा आहे. प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही त्यावरून वर येता येत नाही. कुंपण नसलेलं शेततळं असलेलं रान निवडूच नका. आठवडाभरात फवारणी झालेलं रानही नको. स्टार्टरची पेटी, ट्रॅक्टरचा फिरता दांडा आणि मळणी यंत्र यांच्याजवळ कोणी जायचं नाही. ढग गडगडले की झाडाखाली नाही, पक्क्या घरात. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप सकाळीच बघा. पायात बूट हवेत, आणि कडबा, दगडाचे ढीग, बांधाचं गवत यांत हात घालायचा नाही, तिथं घोणस असते. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कोणत्या रुग्णालयात आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. १०८ नंबर सगळ्या शिक्षकांकडं हवाच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लेकरं नेऊ नका. तीन-चार किलोमीटरांतलं रान निवडलं तर सकाळच्या गारव्यात चालत जाता येतं.

शेतकऱ्याला आधी भेटा, कोणत्या ओळीत काम करायचं ते दोरी बांधून ठरवा, आणि खणून काढलेल्या झाडांचे, दिलेल्या वेळाचे पैसे द्यायची तयारी ठेवा. निघताना खुरपी मोजून घ्या, सगळी लेकरं मोजून घ्या, आणि फांद्या मोजायला परत यायची तारीख तिथंच, शेतकऱ्यासमोर ठरवा. ती तारीख फवारणीच्या किंवा पाणी देण्याच्या दिवशी येत असेल तर तो लगेच सांगतो.