माशाच्या नावात दडलेली कोटी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. क्लिंगॉन शिकतोय म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच: 'त्या भाषेत म्हणे शब्दाशब्दात कोट्या लपवल्यात. खरंच, की तुम्ही मंडळी त्या ओढूनताणून काढता?' दोन्ही खरं आहे.

क्लिंगॉन ही 'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिकेतल्या एका काल्पनिक लढाऊ जमातीची भाषा. १९७९च्या सिनेमात तिची जेमतेम काही वाक्यं होती. मार्क ओक्रंड या भाषाशास्त्रज्ञानं १९८४च्या सिनेमासाठी तिला व्याकरण दिलं आणि १९८५मध्ये तिचा शब्दकोश आला. त्यात माशाला शब्द आहे साधारण 'ग़ोति', शेवटी श्वास गळ्यात अडकवून तोडायचा. कानाला काहीच कळत नाही. आता तो रोमन अक्षरांत बघा: जी, एच, ओ, टी, आय. इंग्रजी स्पेलिंगची टर उडवणारा हा जुना विनोद. 'इनफ'मधल्या जीएचचा फ, 'विमेन'मधल्या ओचा इ, 'नेशन'मधल्या टीआयचा श, की झालं 'फिश'. (हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो, पण १८५५च्या एका पत्रात तो आहे आणि शॉ जन्मला १८५६ साली.) माझी सगळ्यांत लाडकी कोटी हीच, कारण तिचा भाषेला काही त्रास नाही. ती ठाऊक नसली तरी वाक्य अडत नाही.

तशीच 'विय्‌चोर्ग़', म्हणजे रस. 'चोर्ग़' हा क्लिंगॉनमधला आठचा आकडा आणि 'विय्‌' म्हणजे इंग्रजी व्ही. अमेरिकेत 'व्ही-एट' नावाचा आठ भाज्यांचा रस मिळतो. एका तंतुवाद्याचं नाव 'लेष्पाल'. लेस पॉल या वादकाच्या नावाची इलेक्ट्रिक गिटार प्रसिद्धच आहे. अशा लांब शब्दांत योगायोगाला फारशी जागा उरत नाही.

खरी पंचाईत आखूड शब्दांची. क्लिंगॉनमध्ये व्यंजनं २१, स्वर ५, आणि बहुतेक धातू व्यंजन-स्वर-व्यंजन एवढेच. म्हणजे साधे साचे २१ गुणिले ५ गुणिले २१, एकूण २,२०५. इतक्या थोडक्यात अख्खा संसार मांडायचा, तर निम्मे शब्द इंग्रजीतल्या कशासारखे तरी वाजणारच. म्हणून अशा आखूड शब्दात कुणी कोटी दाखवली की मी आधी हात आखडता घेतो. दुखण्याला 'ओय्‌' म्हणतात. यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला कळवळण्याचा उद्गार तोच, तेव्हा हे मान्य. बाहेरच्या कानाला 'क़ोग़' म्हणतात. कान कापून घेणारा चित्रकार व्हॅन गॉग आठवला की आणखी पुरावा मागवत नाही. पण आईला 'षोष' म्हणतात आणि रोमन लिपीत ते एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचा संकेत, दिसतं, म्हणून 'संकटात हाक मारायची ती आई' असं जे सांगतात, तिथे मी अडतो. सुचायला छान आहे, पण आवाजापलीकडे दुवा आपणच जोडतोय, असं वाटतं.

उलट बाजूला एस्पेरान्तो, जगाला एक सामाईक भाषा असावी म्हणून बनवलेली. १८८७मध्ये झामेनहोफनं ती गंभीर हेतूनं मांडली, तरी तिच्यात कोट्या आपोआप उगवल्या. 'कातो' म्हणजे मांजर आणि समूह दाखवणारा प्रत्यय 'आर', म्हणून 'कातारो' म्हणजे मांजरांचा घोळका. पण 'कातारो' म्हणजे पडसंसुद्धा! यात लपवणारा कुणीच नाही, सगळी करामत प्रत्ययांची. एस्पेरान्तोवाले यावर मनसोक्त खेळतात. मला मात्र ओक्रंडच्या लबाडीची गोडी जास्त. नव्या भाषेतल्या शब्दाला मागे इतिहास नसतो, आणि अशी कोटी त्याला निदान एक जन्मकथा तरी देते. ओक्रंडकडून अजूनही अधूनमधून नवे शब्द येतात. यादी हाती पडली की मी उजवीकडचा अर्थ झाकतो आणि डावीकडचा शब्द आधी मोठ्यानं वाचतो.