चोपन्नावा सेकंद

आमच्याकडे कान तपासायला येणारे निम्मे लोक स्वतःहून येत नाहीत. कुणाला बायकोने पाठवलेलं असतं, कुणाला लेकीने धरून आणलेलं असतं. हे गृहस्थ दुसऱ्या प्रकारातले. वय ऐंशीच्या आसपास, अंगात चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट आणि चेहऱ्यावर 'मला काही झालेलं नाही' असा भाव. लेक म्हणाली, "टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू जातो, पण मी हाक मारली की ओ नाही." त्यावर ते म्हणाले, "ओ द्यावी असं काही बोलतच नाही कुणी." हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

मी ऑडिओलॉजिस्ट. शिक्षण वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत झालं, नोकरी अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला. ही हकिगत लिहायची परवानगी त्यांच्याकडून घेतली आहे. नाव देत नाही, एकदोन खुणाही बदलल्या आहेत.

आवाजबंद बूथमध्ये बसवून ऑडिओग्राम, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढला. चार हजार हर्ट्झपाशी खळगा दिसला, वयामुळे बराचसा बुजलेला, पण होता. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या माणसाची ही खूण. मला खटकला तो उजवा कान. डाव्यापेक्षा बराच खाली गेला होता. एका कानाचा असा फरक दिसला की आधी ईएनटीकडे पाठवायचं, एमआरआय करून नसेवर गाठ नाही ना ते बघायचं. गाठ नव्हती. मग उजवाच का? इकडे पुष्कळ म्हातारे शिकारी असतात, पण उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान जास्त जातो. नळीच्या तोंडाकडे तोच असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. यांचं उलटं होतं.

"उजव्या बाजूला काय असायचं तुमच्या?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "झांज," म्हणाले. "ड्रमवाला माझ्या उजव्या हाताला बसायचा. मी गिटार."

लेकीला बाप गिटार वाजवायचा एवढंच माहीत होतं, ते किती आणि कुठे याचा पत्ता नव्हता. साठच्या दशकातल्या पोरांच्या एका बँडमध्ये ते होते. गॅरेजमध्ये सराव, शनिवारी शाळांचे जिम नाहीतर डान्स हॉल, आणि गायकाचा माइकसुद्धा गिटारच्याच अँप्लिफायरला जोडलेला. टाकोमा, सिएटल, पोर्टलंड या पट्ट्यात तेव्हा असे बँड गल्लोगल्ली होते. यातल्याच एका बँडचं, किंग्जमेनचं, नाव जगभर झालं. यांचा बँड त्यांच्याच हॉलमधून वाजवायचा.

कानाचं मशीन बसवायच्या दिवशी मी पेशंटला ओळखीचं एखादं गाणं आणायला सांगते. नवीन मशिनं बोलणं ऐकवण्यासाठी बनवलेली असतात आणि संगीताची वाट लावतात. लांब, सलग सूर आला की मशिनला वाटतं आपलंच शिट्टी मारणं सुरू झालं, आणि ते सूर कापायला बघतं. मग ऑर्गन, बासरी, पियानो सगळंच थरथरतं. यांनी फोनवर किंग्जमेनचं 'लुई लुई' आणलं होतं. सुरुवातीलाच डॉन गलूचीचा इलेक्ट्रिक पियानो आहे. तो सुरू झाला आणि यांनी तोंड वेडंवाकडं केलं. "हे पाण्यात बुडवून वाजवताहेत का?"

संगीताचा वेगळा प्रोग्राम केला. शिट्टी दाबणारी यंत्रणा बंद केली, आवाजाची दाबादाबी कमी केली, मोठा आवाज न तुटता आत यावा म्हणून मर्यादा वर नेली. पुन्हा लावलं. या वेळी डोळे मिटून बसले आणि मिनिट भरायच्या आत बोट वर केलं. "तिथे! ऐकलंस?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मागे नेऊन पुन्हा लावलं. चोपन्नाव्या सेकंदापाशी मागे कुणीतरी ओरडतं. ड्रमवर असलेल्या लिन ईस्टनची काठी गडबडली आणि तोंडून शिवी गेली, असं बँडचेच लोक नंतर सांगत आले. वयाने आणि झांजेने घालवलेल्या कानांना ती सापडली, माझ्या धडधाकट कानांना तीन वेळा लावून सापडली. अर्थात, त्यांना कुठे ऐकायचं ते माहीत होतं.

"आणि शब्द?" मी विचारलं. "मला तर एक ओळ लागत नाही."

"एफबीआयलाही लागली नाही," ते म्हणाले, आणि लेकीसकट आम्हाला पुढची अपॉइंटमेंट विसरायला लावली.

गाणं मुळात रिचर्ड बेरीचं, 1957 चं. एक खलाशी आपल्या पोरीच्या ओढीने जमैकाला निघालाय, एवढीच गोष्ट. 1961 मध्ये टाकोमाच्या वेलर्स या बँडसोबत रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सने ते गायलं आणि या भागातल्या प्रत्येक बँडला ते वाजवणं भाग पडलं. किंग्जमेनचा गायक जॅक ईली याने बँडला शिकवताना ठेका बदलून शिकवला. त्याला तो तसाच वाटला होता. आज जगाला माहीत आहे तो हाच ठेका.

6 एप्रिल 1963 ला पोर्टलंडच्या नॉर्थवेस्टर्न नावाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. (मी बोलणं ऐकू येण्याच्या चाचणीला वापरते ती शब्दांची यादी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची. योगायोग, दुसरं काही नाही.) खर्च पन्नास डॉलरच्या आसपास. आदल्याच रात्री हे एकच गाणं तासाहून जास्त ताणून वाजवलेलं, त्यामुळे घसे बसलेले. माइक छताला टांगलेला. ईली टाचा उंचावून, मान मागे टाकून वरच्या माइककडे ओरडला, आणि त्याच्या दातांना तारा होत्या. गिटारनंतर तो एकदा लवकरच सुरू झाला, चूक कळली तसा थांबला, ड्रमने मधली जागा भरून काढली. पुन्हा घेतलंच नाही. हीच प्रत बाजारात गेली.

शब्द का लागत नाहीत ते मी सांगू शकते. आवाजाचा जोर स्वरांत असतो, अर्थ व्यंजनांत. स, फ, त ही व्यंजनं मुळात दुबळी. माइक लांब गेला आणि शेजारी झांज वाजली की पहिली तीच बुडतात. राहतं ते आ-ऊ-ए. आणि अशा आ-ऊ-एमध्ये माणूस वाटेल ते ऐकतो. परीक्षेत नुसता शब्द विचारला तर जे पेशंट चुकतात, त्यांच्यापुढे चार पर्याय ठेवले की त्यांचे गुण चढतात. शाळाकॉलेजांत पोरांनी या गाण्याचे 'खरे' अश्लील शब्द चिठ्ठ्यांवर लिहून फिरवले. चिठ्ठी वाचून गाणं ऐकलं की तेच ऐकू येणार! इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी 1964 मध्ये हे गाणं लावू नका म्हणून सांगितलं, एफबीआयने तबकडी वेगवेगळ्या गतीवर फिरवून पाहिली आणि अखेर कुठल्याही गतीला शब्द कळत नाहीत असा निकाल दिला. माझ्या धंद्यातला माणूस घेतला असता तर हे एका दुपारी सांगितलं असतं.

पण या गृहस्थांना सांगायचं होतं ते किंग्जमेन फुटल्याचं, आणि तेही गाणं गाजायच्या आधी.

रेकॉर्ड सुरुवातीला पडूनच होती. ऑगस्टमध्ये ईस्टनने सांगितलं की यापुढे मी पुढे उभा राहून गाणार, जॅकने ड्रमवर बसावं. बँडचं नाव त्याच्या आईने नोंदवून ठेवलं होतं, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. ईली आणि बासवाला बॉब नॉर्डबी निघून गेले. मग ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या एका रेडिओवाल्याने आठवड्याची सर्वांत वाईट रेकॉर्ड म्हणून ती लावली आणि लोक दुकानांत मागू लागले. बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. टीव्हीवर ईस्टन ओठ हलवायचा, आवाज ईलीचा. ईलीने आपला वेगळा 'किंग्जमेन' काढला, प्रकरण वकिलांकडे गेलं. शेवटी नाव ईस्टनकडे राहिलं आणि रेकॉर्डवर 'मुख्य आवाज जॅक ईली' असं छापायचं ठरलं. पैशांचं त्याहून वाईट. रेकॉर्ड कंपनीशी 1968 मध्ये झालेल्या करारातली रॉयल्टी पुढे बँडला मिळालीच नाही. 1993 मध्ये ते कोर्टात गेले आणि करारच रद्द ठरवून मूळ टेप त्यांना परत देण्याचा निकाल 1998 मध्ये अपील कोर्टाने कायम केला.

"ईलीवर अन्याय झाला," मी म्हणाले.

"झाला ना," ते म्हणाले. "पण आमच्या बँडचं नाव कुणीच नोंदवलं नव्हतं. एकाला सैन्यात बोलावलं, एकाचं लग्न झालं, अँप्लिफायर कुणाचा यावरून दोघांचं बोलणं तुटलं. आज त्या नावाने शोधलंस तर काहीही सापडणार नाही. ईस्टनच्या आईसारखी एखादी बाई आम्हाला हवी होती."

मला हे पटलं नाही, आणि तसं मी सांगितलं. ईली पुढे मध्य ओरेगनमध्ये घोडे शिकवायचा, 2015 मध्ये गेला. त्याचा आवाज घरोघरी पोचला होता आणि तो गाणाराच नाही असं लोकांना वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. बँड टिकावा म्हणून हे खपवून घ्यायचं का? ते म्हणाले, तू कधी बँडमध्ये नव्हतीस. ते खरंच.

पुढच्या तपासणीला मशिनमधली नोंद काढून पाहिली. कुठला प्रोग्राम किती वेळ चालला ते त्यात दिसतं. बोलण्याचा जेमतेम वापरलेला, संगीताचा दिवसदिवस चालू. लेक वैतागून म्हणाली, "अजूनही हाकेला ओ देत नाहीत." मी दोन्ही प्रोग्रामच्या मधला एक तिसरा करून दिला आणि तोच सुरुवातीला लागेल असं ठेवलं. त्यांनी बटण दाबून तो माझ्यादेखतच बदलला.