माझं राहू द्या, यांचं बघा

रात्री अकराच्या सुमारास छातीत दुखतंय म्हणून साठीचे एक काका कॅज्युअल्टीत आले. ब्लडप्रेशरचे जुने पेशंट, त्यामुळे 10 मिनिटांच्या आत ईसीजी काढला. तो ठीक होता. बोटाने दाबलं की नेमकं एकाच जागी दुखायचं. आदल्या दिवशी त्यांनी जड सामान उचललं होतं. तरीही ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे सांगणारी तपासणी) रक्त पाठवलं. सोबतच्या काकूंनी त्यांच्या गोळ्या, जुने रिपोर्ट आणि दोन वर्षांच्या ब्लडप्रेशरच्या नोंदींची वही माझ्यासमोर मांडली. इतकी नीटस वही मी क्वचितच पाहिली आहे.

"डॉक्टर, काकूंना दरदरून घाम सुटलाय," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"काही नाही हो, संध्याकाळपासून मळमळतंय. अ‍ॅसिडिटी असेल. माझं राहू द्या, यांचं बघा." खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, जबडाही ठणकतोय, दाढ असेल. छातीत? नाही.

त्यांचाही ईसीजी काढला. जवळपास नॉर्मल. मनातून मीही अ‍ॅसिडिटीच धरून चाललो होतो, पण तो घाम पटेना. ईसीजीची पट्टी काही सेकंदांचं सांगते. धमनीतली गुठळी मात्र बनते, विरघळते, पुन्हा बनते. म्हणून 15 मिनिटांनी पुन्हा काढला. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ या हृदयाच्या खालच्या बाजूकडे बघणाऱ्या आलेखांत एसटी हा रेषेचा भाग स्पष्ट वर गेलेला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. ही भिंत पोटाकडच्या बाजूला, म्हणून कितीतरी जणांना तो पोटातच जाणवतो.

अ‍ॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावून खायला दिली. उजव्या बाजूच्या लीड्स लावल्या, तर हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडलेला. अशा वेळी जिभेखाली नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, दिलं तर ब्लडप्रेशर एकदम कोसळू शकतं, म्हणून ते टाळलं. ग्लुकोमीटरवर शुगर 286. झटक्याच्या ताणानेही ती चढते, पण तीन महिन्यांची सरासरीही वाढलेली असल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मुरलेल्या मधुमेहात नसा बधिर होऊ शकतात आणि मग छातीतली कळ कधीकधी कळतच नाही. स्वतःची शुगर याआधी कधी तपासली होती, हे काकूंना आठवेना. याचंच मला फार वाईट वाटलं. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाने 2004 मध्येच दाखवलं होतं की पहिल्या झटक्याचा सुमारे 90 टक्के धोका नऊ गोष्टींत सामावतो. तंबाखू, ब्लडप्रेशर, शुगर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर अशा, जवळजवळ सगळ्या मोजता किंवा बदलता येणाऱ्या. काकांच्या वहीत त्यातलं बरंच मोजलेलं होतं. फक्त काकांचं.

कॅथलॅबच्या, म्हणजे बंद धमनी उघडतात त्या खोलीच्या, दाराशी मी काकांना विचारलं, "यांना कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" ते गोंधळून वहीची पानं उलटू लागले.

"नाही हो कसली," काकू स्ट्रेचरवरूनच म्हणाल्या. "आणि यांची रात्रीची गोळी राहिलीय, तेवढी द्यायला सांगा."

पाऊण तासात त्यांची उजवी धमनी मोकळी झाली. काकांचे दोन्ही ट्रोपोनिन नॉर्मल आले.