बॅटिंगचा रोल घेताना: आधी रुंदी, मग जाडी

सिंगल बेडची गोधडी 60 × 90 इंच धरली, तर लाँगआर्मवर (गोधडी फ्रेमवर ताणून टिपा घालणाऱ्या मोठ्या शिलाई मशीनवर) तिला 68 × 98 इंच बॅटिंग, म्हणजे दोन कापडांमधलं भरणाचं शीट, लागतं. चारही बाजूंना 4-4 इंच जादा. टिपा पडत जातात तशी गोधडी आखडते, आणि कडेच्या त्या पट्टीवरच दोऱ्याचा ताण तपासून घेता येतो. आता समोर दोन रोल आहेत, एक 96 इंची, एक 108 इंची, दोन्ही 30 मीटरचे. मीटरमागे भाव बघून हात 96 कडे जातो. पण 98 इंच त्याच्या रुंदीत बसत नाही. मग गोधडीची लांबी रोलच्या लांबीत घ्यायची, म्हणजे दर नगाला 98 इंच तोडायचे आणि बाजूला 28 इंचांची पट्टी उरवायची. 30 मीटर म्हणजे साधारण 1181 इंच. त्यातून 12 गोधड्या निघतात. 108 इंची रोल आडवा घेतला की दर नगाला 68 इंचच तुटतात, 17 निघतात.

कुणी म्हणेल, 3 इंच जादा ठेवून 96 मध्ये भागवू. भागेल, पण रोलच्या कडा बऱ्याचदा पातळ किंवा वाकड्या असतात. त्या छाटल्या की 96 चे 94 उरतात. उरलेल्या 28 इंची तीन पट्ट्या जोडून एक बॅटिंग होतं हे खरं. कडा एकमेकींवर न चढवता फक्त भिडवायच्या आणि रुंद झिगझॅग घालायचा. चढवल्या तर तिथे वरंबा येतो आणि हॉपिंग फूट, म्हणजे सुईसोबत वरखाली होणारा मशीनचा पाय, अडखळतं. असं जोडबॅटिंग गिऱ्हाइकाला सांगूनच वापरावं.

रुंदी ठरली की वजन. आपल्याकडे दुकानात वॅडिंग, फायबर शीट अशी नावं चालतात आणि जाडी बोटांनी दाबून सांगतात. त्यावर जाऊ नये. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, विचारावं आणि काट्यावर पडताळावं. 108 इंच म्हणजे 2.74 मीटर. 30 मीटर लांबीला 82 चौरस मीटर होतात. माल 200 जीएसएमचा असेल तर आतली नळी आणि वरचं प्लास्टिक सोडून साडेसोळा किलोच्या आसपास भरायला हवा. काटा 14 दाखवत असेल तर हाती आलंय ते 170 जीएसएम. सुती माल पावसाळ्यात दमट हवा पिऊन वजन वाढवतो, तेव्हा ही तपासणी कोरड्या दिवसांत जास्त खरी.

100 टक्के कापूस म्हणून दिलेल्या मालाचा एक तंतू पेटवून बघावा. कापूस कागदासारखा जळतो आणि हलकी राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतं. लोकर जळलेल्या केसांसारखी वासते. कापूस-पॉलिस्टरच्या 80/20 मिश्रणात राखही येते आणि मणीही.

धंद्यासाठी तीनच प्रकार पुरे आहेत असं माझं ठाम मत आहे: 80 टक्के कापूस आणि 20 टक्के पॉलिस्टरचं नीडल पंच (सुया टोचून तंतू गुंतवलेलं), एक थर्मल बाँड (उष्णतेने तंतू जोडलेलं) पॉलिस्टर आणि गडद कापडांसाठी थोडं काळं बॅटिंग. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांना वारंवार धुऊन लवकर वाळणारं हवं, तिथे पॉलिस्टर. सांगलीच्या उन्हाळ्यात अंगावर घ्यायचं पातळ पांघरूण असेल तर सुती मिश्रण. डिंकाने चिकटवलेलं स्वस्त शीट घेऊ नये, दोन-चार धुण्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. पिंजाऱ्याकडचा मोकळा कापूस गादीला उत्तम, पण त्याचं शीट होत नाही, फ्रेमवर तो धरणार कसा? आणि माण-खटावच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीतच शोभते. तिचे राठ केस गोधडीच्या कापडातून बाहेर टोचतात.

तंतू बाहेर येण्याचं दुखणं पॉलिस्टरलाही आहे. काळ्या चंद्रकळेवर पांढरी लव उठली की गिऱ्हाईक परत येतं. कारणं बहुधा तीन असतात: कापड विरळ विणीचं, सुई बोथट, किंवा बॅटिंग उलटं. पॉवरलूमचं कापड इकडे हाताशी आहे, पण अस्तराला घट्ट विणीचंच निवडावं. नीडल पंच बॅटिंगच्या एका अंगाला बारीक खळगे दिसतात, दुसऱ्या अंगाला बारीक गुठळ्या. खळग्यांची बाजू वर ठेवावी, म्हणजे कारखान्यातली सुई जिकडून गेली तिकडूनच आपलीही जाते. आत जाळी असलेलं बॅटिंग ताणत नाही आणि टिपांमध्ये 8 ते 10 इंच अंतर चालतं. बिनजाळीच्या साध्या कापसाला 2-3 इंचांवर टीप हवीच, नाहीतर धुतल्यावर कापूस कोपऱ्यात जमतो.

जुन्या लुगड्यांची वाकळ घेऊन कुणी आलं तर आधी थर मोजावेत. खऱ्या वाकळीला भरण नसतंच, कापडावर कापड असतं. पाच-सहा थरांवर पुन्हा जाड बॅटिंग घातलं की सुई वाकते आणि टाके सुटतात. लुगडी जुनी असल्याने आटायची तेवढी आटलेली असतात. त्यांच्यासोबत नवं सुती बॅटिंग घातलं तर तेच आटतं आणि वरचं कापड सुरकुततं. म्हणून प्रत्येक नव्या रोलचा 14 इंची नमुना टिपा घालून घ्यावा, त्यावर 10 इंचांचा चौकोन आखावा, धुवावा, मोजावा. 9.6 आला तर आट 4 टक्के, म्हणजे 90 इंचांवर साडेतीन इंचांहून जास्त.

साठा किती? आठवड्याला 4 गोधड्या, दर नगाला 68 इंच, म्हणजे सुमारे 7 मीटर. माल यायला 3 आठवडे लागत असतील तर 21 मीटर शिल्लक असतानाच फोन करायचा. 30 मीटरचा एक रोल चार आठवडेच पुरतो, त्यामुळे दुसरा कायम तयार हवा. दिवाळीनंतरच्या थंडीचं काम सप्टेंबरातच धरावं. जुलै-ऑगस्टचा माल जूनमध्ये आणून ठेवावा, कारण पावसात घाट आणि रस्ते बंद पडतात.

सांगलीत रोल तळमजल्यावर ठेवूच नयेत. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागल्यावर माल हलवत बसण्यात अर्थ नाही, तो आधीच माळ्यावर असावा. साताऱ्याच्या पश्चिमेला पुरापेक्षा ओल वाईट. रोल भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर आडवे ठेवावेत. प्लास्टिक दोन्ही टोकांना उघडं ठेवावं, कारण घट्ट बांधलं की आत घाम धरतो आणि कापसावर बुरशीचे काळे ठिपके येतात. उंदरांना बॅटिंगइतकं मऊ घर दुसरं मिळत नाही, तेव्हा महिन्यातून एकदा प्रत्येक रोल फिरवून बघावा. नळीजवळचे शेवटचे 2-3 मीटर दबलेले असतात. ते कापून रात्रभर पसरून ठेवले की बरेचसे फुगतात. पॉलिस्टरच्या घड्या मोडायला इस्त्री मात्र लावू नये.