तलफ आली की आधी वही, मग श्वास

दारू सोडताना पहिला टप्पा डॉक्टरांचा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. तो टप्पा मी देखरेखीखालीच पार केला. वही त्यानंतरची.

तलफ आली की वहीत चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, शरीरात काय होतंय आणि तलफ दहापैकी किती. ‘प्यावीशी वाटली’ एवढ्याने काही कळत नाही. ‘संध्याकाळी 6.40, बसस्टॉप, दुपारचा डबा राहिला, जबडा आवळलेला, 7’ यातून कळतं. आठवडाभराची पानं एकत्र वाचली की दिसतं, तलफ बारच्या दारात सुरू होत नाही. ती राहिलेल्या डब्यात, सकाळच्या वादात, पगार जमा झाल्याच्या मेसेजमध्ये सुरू होते. मग उपायही तिथेच करायचा. डबा वेळेवर खाणं हे माझ्या लेखी औषधाइतकंच महत्त्वाचं.

लिहून झालं की तलफेकडे नुसतं बघायचं. अ‍ॅलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिला लाटेची उपमा दिली: चढते, फुटते, ओसरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासात. पाय जमिनीला टेकलेले, डोळे उघडे. सुरुवातीला डोळे मिटले तर छातीतली धडधडच मोठी होते आणि माणूस घाबरून उठतो. घशाची कोरड, पोटातली ओढ जिथे असेल तिथे लक्ष ठेवून श्वास चालू द्यायचा. तलफ दाबायची नाही, दाबली की ती वाढते. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा: 7, 8, 8, 6, 3. हा उतरता आकडा पुढच्या तलफेच्या वेळी फार धीर देतो.

अपराधी भावनेवर सविस्तर लिहायचं तर सकाळी, घड्याळ लावून 15-20 मिनिटं. रात्री तेच उगाळलं जातं, झोप जाते. ग्लास, चखणा, मैफल यांची वर्णनं तर नकोतच, लिहितानाच तलफ येते. वही घरच्यांनी वाचायची नाही हे आधी ठरवून घ्यावं, नाहीतर तीतही थापा शिरतात. पण सगळं वहीतच राहूनही चालत नाही. ‘एए’ म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या कार्यक्रमात चौथ्या पायरीत स्वतःचा लेखाजोखा मांडायचा असतो आणि पाचवीत तो दुसऱ्या माणसाला सांगायचा असतो, ते यासाठीच.

घसरण झाली तर शुद्धीवर आल्यावर आधीचे 24 तास उलट्या क्रमाने लिहावेत. आकडा 9 झाला तर वही बाजूला ठेवून सोबर मित्राला किंवा 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावावा.