ऑफिसचं मेल बाहेरून उघडताना

आमचं ऑफिस महाप्याला, एमआयडीसीत. मेल सर्व्हर ऑफिसातच, पोस्टफिक्स आणि डव्हकॉटवर चालणारा. बाहेरून येणारी पत्रं होस्टिंगवाल्याकडे उतरायची आणि तिथून फेचमेल ती ओढून आणायचा. ऑफिसात बसणाऱ्यांचं छान चाललं होतं. पण न्हावा शेवाला कंटेनर सोडवायला गेलेली पोरं कागदपत्रं स्वतःच्या खासगी मेलवर मागवायची, हे साहेबांना खटकलं. ऑफिसचं मेल बाहेरूनही उघडता यावं, हे काम माझ्याकडे आलं.

अडलं ते आधी इंटरनेटच्या लाइनवर. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन सर्व्हरकडे वळवलं, तरी बाहेरून काही पोचेना. राउटरला मिळालेला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता पाहिला, तर १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे सीजीनॅट. एकच सार्वजनिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आत यायला वाटच नसते. स्टॅटिक, म्हणजे फक्त आमचा आणि न बदलणाऱ्या आयपीचे पैसे भरले आणि तो प्रश्न मिटला.

मेल वाचायचं ९९३ आणि पाठवायचं ५८७ ही पोर्टं थेट उघडणं सगळ्यात सोपं होतं. पण उघड्या मेल पोर्टवर पासवर्ड ठोकून बघणारे दिवसरात्र असतात, आणि आमच्याकडचे पासवर्ड किती कच्चे आहेत ते मला माहीत होतं. म्हणून वायरगार्ड हे व्हीपीएन घेतलं, म्हणजे फोनपासून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद बोगदा. त्याला यूडीपीचं एकच पोर्ट लागतं आणि योग्य की (डिजिटल किल्ली) नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही.

पुढची गंमत घरच्या वायफायची. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१, आणि निम्म्या लोकांच्या घरचंही तेच. लॅपटॉप सर्व्हर घरातच शोधत बसायचा. ऑफिसचे पत्ते बदलायचे म्हणजे टॅलीचं मशीन, हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर, सगळंच हलवायचं. त्यापेक्षा वायरगार्ड मेल सर्व्हरवरच चढवलं, त्याला १०.८८.०.१ हा दुसरा पत्ता दिला आणि फोनमध्ये तेवढ्या एका पत्त्याचंच ट्रॅफिक बोगद्यातून जाईल असं ठेवलं.

वायरगार्डच्या सेटिंगचा क्यूआर फोनवर स्कॅन करून घेताना डोंबिवलीहून येणाऱ्या अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, "म्हणजे आम्ही फोनवर काय बघतो ते साहेबांना दिसणार का हो?"

प्रश्न रास्त होता. बाकीचं ट्रॅफिक दिसणार नव्हतं, पण त्या सेटिंगमध्ये डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेची ओळ होती. त्या ओळीमुळे फोन उघडेल त्या प्रत्येक साइटच्या नावाची चौकशी आमच्या सर्व्हरकडे आली असती. मी ती ओळ काढली आणि मेल सर्व्हरच्या नावापुढे १०.८८.०.१ हा पत्ता सार्वजनिक डीएनएसमध्येच लिहिला. खासगी पत्ता चारचौघांत लिहिणं काहींना पटत नाही, मला चालतं. वायरगार्डची की नसेल तर तो पत्ता कळूनही उपयोग शून्य. काही घरगुती राउटर मात्र असं उत्तर गाळून टाकतात, तिथे फोनचा डीएनएस बदलावा लागला. ऑफिसातल्या राउटरवर त्या पत्त्याकडे जायचा एक रूट टाकला, म्हणजे आत आणि बाहेर नाव एकच.

सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, ९० दिवसांचं. पोर्ट ८० बंद असल्यामुळे डीएनएस चॅलेंजने, म्हणजे नाव आपलंच आहे हे डीएनएसमधल्या नोंदीने दाखवून घेतलं, नूतनीकरण आपोआप होतं. अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर व्हीपीएन बंद पाडतो, तिथे वायरगार्डला सूट द्यावी लागते.

परवा एकाचा फोन लोकलमध्ये गेला. त्याचा तेवढा पीअर, म्हणजे वायरगार्डमधली त्याच्या फोनची नोंद सर्व्हरवरून काढली, मेलचा पासवर्ड बदलला. बाकी कुणाला काही करावं लागलं नाही.